मॅक्रेडी, विल्यम चार्ल्स

(३ मार्च १७९३ – २७ एप्रिल १८७३). एकोणिसाव्या शतकातील श्रेष्ठ इंग्रज शोकात्म नट व नाट्यगृह-व्यवस्थापक. शेक्सपिअरच्या नाटकांच्या विकृत रंगावृत्त्या बाजूला सारून मूळ संहिता रंगभूमीवर आणण्याचे त्याचे प्रयत्न, काटेकोर तालमींची त्याने लावलेली शिस्त आणि संपूर्ण प्रयोगाचा एकात्म विचार करण्याची त्याची दृष्टी यांमुळे इंग्रजी रंगभूमीच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे. एडमंड कीन आणि सर हेन्री आयर्व्हिंग या दोन मोठ्या नटांच्या दरम्यानच्या काळातील तो प्रमुख नट होय. ज्या व्यवसायाला त्याने प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या व्यवसायाविषयी त्याच्या मनात आयुष्यभर तिटकारा होता. त्याच्या कार्यातील गुण आणि मर्यादा या दोन्हींचा उगम बऱ्याच अंशी या अंतर्विरोधात आढळतो.

मॅक्रेडीचा जन्म लंडन येथे झाला. त्याचे आईवडील दोघेही नाट्यव्यवसायात होते. वडील मूळचे डब्लिनचे. इंग्लंडच्या प्रांतिक शहरांतून ते नाट्यगृहे चालवीत. मुलाने मात्र प्रतिष्ठित व्यवसायात जावे, या इच्छेने त्यांनी त्याला रग्बी येथील प्रख्यात शाळेत घातले. पुढे ऑक्सफर्डला जाऊन वकील व्हावयाचे, असे ठरले होते; तथापि वडील कर्जबाजारी झाले आणि त्यांना कारावास घडला. त्यामुळे वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी शाळा सोडून मॅक्रेडीला वडिलांच्या नाटकमंडळीचा कारभार अंगावर घ्यावा लागला. ७ जून १८१० रोजी बर्मिंगहॅम येथे रोमिओच्या भूमिकेत त्याने रंगभूमीवर प्रथम पदार्पण केले. थोर अभिनेत्री सॅरा सिडन्झ हिच्या निवृत्तीपूर्वीच्या दौऱ्यात न्यूकॅसल येथे तिच्याबरोबर काम करण्याची संधी त्याला लाभली. अभ्यास कधी सोडू नये, हा तिने त्याला केलेला उपदेश त्याने अखेरपर्यंत पाळला. ग्रीक व लॅटिन अभिजात साहित्याचा रग्बीत लागलेला व्यासंग आणि हातून निसटलेल्या सभ्य जीवनाची रुखरुख, ही शालेय जीवनाची दुहेरी मिळकत घेऊन तो नट झाला.

लंडनमधील त्याचा पहिला प्रयोग १६ सप्टेंबर १८१६ रोजी कॉव्हेंट गार्डन येथे झाला. रासीनच्या आंद्रोमाक या नाटकाचे ॲम्ब्रोझ फिलिप्सने द डिस्ट्रेस्ड मदर हे रूपांतर केले होते. त्यात मॅक्रेडीने ओरेस्टीझची भूमिका केली. या काळी लंडनच्या रंगभूमीवर कीनचे अधिराज्य होते आणि जॉन फिलिप केंबलचा प्रभावही ओसरला नव्हता. प्रारंभीची काही वर्षे मॅक्रेडीच्या वाट्याला मुख्यतः अतिरंजित नाटकांतील खलभूमिका आल्या. १८१८ मध्ये त्याने केलेली रॉब रॉयची आणि ऑक्टोबर १८१९ मधील तिसऱ्या रिचर्डची भूमिका गाजल्यानंतर कीनचा प्रतिस्पर्धी म्हणून त्याच्याकडे पाहिले जाऊ लागले. १७ मे १८२० रोजी जेम्स शेरिडन नोल्झच्या व्हर्जिनियस या नाटकाने त्याचे स्थान पक्के केले. कन्येची अब्रू वाचविण्यासाठी तिचा स्वहस्ते वध करणाऱ्या रोमन पित्याची ही भूमिका त्याच्या प्रकृतीला विशेष मानवली. नाटकाचा विषय रोमन असला, तरी मॅक्रेडीने त्यातून मध्यमवर्गीय प्रेक्षकांच्या परिचयाचे घरगुती वात्सल्य उभे केले. सार्वजनिक शौर्यापेक्षा कौटुंबिक जिव्हाळा आणि वियोगाचे दुःख व्यक्त करण्यात त्याचे खरे सामर्थ्य होते. बायरनच्या वर्नर या नाटकातील त्याची भूमिका (१८३०) याच कारणाने लोकप्रिय ठरली.

केंबलची अभिनयशैली भारदस्त, संथ आणि मूर्तिशिल्पासारखी रेखीव होती. कीनची विजेसारखी क्षणाक्षणाला चमकून जाणारी होती. मॅक्रेडीने या दोन शैलींच्या मधला मार्ग स्वीकारला. भूमिकेचा आरंभापासून अखेरपर्यंतचा विकास मनात निश्चित करून त्यातील प्रत्येक भावावस्थेचे पुढच्या अवस्थेत होणारे संक्रमण तो दाखवी. पद्यातील लय मोडून ते बोलण्याच्या वळणावर आणण्याकडे त्याचा कल असे. विचार मनात उमटत असल्याचा भास निर्माण करण्यासाठी तो वाक्याच्या मध्ये थांबे. त्याचे हे थांबणे ‘मॅक्रेडी-विराम’ म्हणून इतके प्रसिद्ध झाले, की विडंबनकारांना तो आयताच विषय मिळाला. जी. एच. ल्यूइस या समीक्षकाने मॅक्रेडीची गणना प्रतिभावंतांत केली नाही. परंतु त्याची गुणवत्ता प्रतिभेच्या अगदी जवळ पोहोचणारी होती, असा निर्वाळा दिला. ल्यूइसने नोंदविलेला एक तपशील उद्‌बोधक आहे. मुलगी पळून गेल्यानंतर संतप्त शायलॉक रंगमंचावर येतो. त्या प्रवेशापूर्वी मॅक्रेडी विंगेत काही मिनिटे पुटपुटत शिव्याशाप देई आणि भिंतीला टेकविलेली शिडी दोन्ही हातांनी गदागदा हलवी. कीनला जे उत्स्फूर्तपणे साधे, ते मॅक्रेडीला श्रमाने मिळवावे लागे, हे यावरून दिसते. प्रयत्नाच्या खुणा त्याच्या अभिनयात कित्येकदा दिसत. त्याच्या मॅक्‌बेथमध्ये राजहत्येस निघालेल्या योद्ध्याची भव्यता नाही, डंकनच्या शयनगृहाकडे तो पैशांची थैली लांबवायला निघालेल्या माणसासारखा जातो, असा ल्यूइसचा आक्षेप होता. श्रमाने मिळविलेली गोष्ट इतरांना शिकविता येते. म्हणूनच कीनच्या पश्चात त्याची परंपरा उरली नाही, मॅक्रेडीची मात्र उरली.

मॅक्रेडीच्या सुधारणांचे महत्त्व कळण्यासाठी तत्कालीन रंगभूमीची स्थिती लक्षात घ्यावयास हवी. दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून चालत आलेल्या राजसनदांमुळे लंडनमध्ये गद्यपद्य नाटके करण्याचा पूर्ण अधिकार कॉव्हेंट गार्डन व ड्रुरी लेन या दोनच नाट्यगृहांना होता. हेमार्केटला तो मुख्यतः उन्हाळ्यापुरता असे. ही दोन्ही सनदी नाट्यगृहे सुमारे ३,००० प्रेक्षकांची होती. एवढ्या प्रेक्षागृहात सूक्ष्म अभिनय पोहोचत नसे आणि ते भरण्यासाठी व्यवस्थापक प्राण्यांचे खेळ, नृत्ये व देखावे यांचा आश्रय घेत. तालमी जुजबी होत. प्रमुख नट तालमीत संवाद नुसते पुटपुटत आणि आपण कोठे उभे राहणार, एवढेच इतरांना सांगत. या वातावरणात मॅक्रेडीची कुचंबणा होत असे. ड्रुरी लेनचा व्यवस्थापक आल्फ्रेड बन याने एका रात्रीच्या मिश्र कार्यक्रमात रिचर्ड द थर्डचे पहिले तीनच अंक त्याला करावयास लावले. २९ एप्रिल १८३६ रोजी प्रयोगानंतर मॅक्रेडीने बनच्या कचेरीत शिरून त्याला मारहाण केली. न्यायालयात त्याला १५० पौंडांची भरपाई द्यावी लागली. आपण सभ्य माणसाला न शोभणारे वर्तन केले, याची तीव्र शरम त्याने रोजनिशीत नोंदविली आहे. तुकड्यांत कापलेले शेक्सपिअरचे नाटक हे त्या अपमानाचे निमित्त होते, ही गोष्ट त्याच्या पुढील कार्याच्या दृष्टीने सूचक ठरते.

३० सप्टेंबर १८३७ रोजी द विंटर्स टेल या नाटकाने मॅक्रेडीने कॉव्हेंट गार्डनच्या व्यवस्थापनास प्रारंभ केला. तेथील दोन हंगामांत (१८३७–३९) त्याने प्रयोगाची नवी शिस्त घालून दिली. तालमीतही पूर्ण आवाजात व पूर्ण भावनेने काम झाले पाहिजे, असा त्याचा दंडक होता. दुय्यम नटांना आणि जमावातील मूक पात्रांनाही तो स्वतः शिकवी. कोरिओलेनसमध्ये (मार्च १८३८) रोमन जनसमुदाय हा एकसाथ ओरडणारा घोळका न राहता हेतू व स्वभाव असलेल्या माणसांचा समूह झाला. नेपथ्य, वेशभूषा, संगीत आणि समूहरचना नाटकाच्या आशयाशी जुळती असावी, हा विचार पुढे ज्याला दिग्दर्शन म्हटले गेले, त्याचा आरंभ होय. हे नाव तेव्हा रूढ नव्हते आणि ही कामगिरी प्रमुख भूमिका करणाऱ्या नटालाच पार पाडावी लागे, एवढाच फरक.

किंग लिअरचा २५ जानेवारी १८३८ रोजीचा प्रयोग हे मॅक्रेडीचे सर्वांत टिकाऊ कार्य मानता येईल. १६८१ मध्ये नेहम टेट याने या नाटकाचे रूपांतर केले होते. त्यात विदूषकाचे पात्र गाळून एडगर व कॉर्डीलिया यांचे प्रेमप्रकरण घातले होते आणि अखेरीस लिअरला राज्य परत मिळून त्या दोघांचा विवाह होतो, असे दाखविले होते. गॅरिक व केंबल यांनीही फेरफार करून हीच रंगावृत्ती चालविली. तिसऱ्या जॉर्जच्या मनोविकारामुळे वेड्या राजाचे हे नाटक त्याच्या अखेरच्या वर्षांत रंगभूमीवर येऊच शकले नाही. १८२३ मध्ये कीनने शोकान्त शेवट पुन्हा आणला. पण प्रेमप्रकरण ठेवले, विदूषक आणला नाही आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद पाहून थोड्याच प्रयोगांनंतर तो पूर्वीच्या शेवटाकडे वळला. १८३४ मध्ये मॅक्रेडीने टेटचा मजकूर काढून टाकला, तरी विदूषकाला हात घालण्याचे धैर्य त्याला झाले नव्हते. १८३८ च्या तालमींतही विदूषकामुळे शोकरस भंगेल, या भीतीने ते पात्र वगळावे, असे त्याला वाटू लागले होते. हा विदूषक नाजूक, रोगट, सुंदर चेहऱ्याचा आणि अर्धवट बुद्धीचा मुलगा असावा, अशी आपली कल्पना त्याने जॉर्ज बार्टली या सहकारी नटाला सांगितली, तेव्हा ही भूमिका स्त्रीने करावी, असे बार्टलीने सुचविले. मॅक्रेडीने तात्काळ प्रिसिला हॉर्टन या तरुण अभिनेत्री-गायिकेची निवड केली. दीडशेहून अधिक वर्षांनंतर लिअरचा विदूषक इंग्रजी रंगभूमीवर परतला.

या पुनरागमनाचा अर्थ एक हरवलेले पात्र सापडले, एवढाच नव्हता. विदूषक नसताना वादळातील प्रवेश म्हणजे एका थोर नटाचे स्वगत होत असे. विदूषकाच्या सोबतीने राजाच्या दुःखाला साक्षीदार मिळाला आणि थंडीत कुडकुडणाऱ्या त्या मुलाकडे लक्ष जाताच लिअरच्या मनात दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव प्रथम जागी होते, हा नाटकाचा कणा प्रेक्षकांना दिसू लागला. जॉन फॉर्स्टर या समीक्षकाने एक्झॅमिनर या नियतकालिकातून विदूषकाच्या पुनःस्थापनेचे महत्त्व तत्काळ ओळखले. मॅक्रेडीचा लिअर पूर्वसूरींप्रमाणे जर्जर नव्हता. वार्धक्यातही शिकार करणारा, दणकट आणि शीघ्रकोपी असा राजा त्याने रंगविला. अशा माणसाचे कोसळणे अधिक भीषण वाटते. त्याबरोबरच त्याचा हातखंडा असलेले पितृवात्सल्य कॉर्डीलियाशी झालेल्या पुनर्भेटीत उत्कटपणे प्रकट होई. मात्र ही संहिताही पूर्ण मूळची नव्हती. ग्लॉस्टरचे डोळे काढण्याचा प्रसंग त्याने वगळला होता. संवाद कापले होते आणि विदूषकालाही शेक्सपिअरने दिलेली तिखट, ग्राम्य जीभ पूर्णतः लाभली नव्हती. क्रौर्य आणि अश्लीलता यांपुढे मॅक्रेडीची सुसंस्कृत रुची अडखळत असे. मूळ शेक्सपिअर परत आला खरा, पण तो व्हिक्टोरियन दिवाणखान्यात बसू शकेल, अशा वेषात आला.

दुसरी मर्यादा देखाव्यांच्या संदर्भातील होती. ऑक्टोबर १८३८ मध्ये त्याने द टेंपेस्ट हे नाटक ड्रायडन व डॅव्हेनंट यांच्या भरीपासून मुक्त करून सादर केले. त्याचे ५५ प्रयोग झाले. तथापि आरंभीच्या वादळाच्या प्रवेशातील संवाद गाळून तेथे यांत्रिक जहाजाचा देखावा योजला होता आणि एरिएल झालेली प्रिसिला हॉर्टन तारांच्या साहाय्याने अंतराळात विहरत असे. जून १८३९ मधील हेन्री द फिफ्थसाठी क्लार्कसन स्टॅनफील्ड या नामवंत चित्रकाराने चलत्‌ चित्रपट रंगविले होते. या नाटकातील निवेदक रंगमंचाच्या अपुरेपणाबद्दल क्षमा मागून प्रेक्षकांना कल्पनाशक्ती वापरण्याचे आवाहन करतो. ज्या गोष्टींची कल्पना करावयाची, त्याच त्याच्या मागे चित्रित झाल्यावर त्या आवाहनाचे प्रयोजन उरत नाही. संहिता शुद्ध करणाऱ्या मॅक्रेडीनेच दृश्याला शब्दाहून वरचढ होण्याची वाट मोकळी करून दिली. त्याच्या हाती देखावा बव्हंशी अर्थाच्या सेवेत राहिला. पुढे चार्ल्स कीनच्या प्रिन्सेस नाट्यगृहातील प्रयोगांत (१८५०–५९) ऐतिहासिक तपशिलांचा सोस पराकोटीला गेला.

समकालीन लेखकांना रंगभूमीकडे वळविण्याची मॅक्रेडीची धडपड अंशतःच सफल झाली. बुल्वर-लिटनची द लेडी ऑफ लायन्स (१८३८), रिशल्य (१८३९) व मनी (१८४०) ही नाटके त्याच्यामुळे यशस्वी झाली. त्यांच्या रचनेतही त्याच्या सूचनांचा वाटा होता. रॉबर्ट ब्राउनिंगने त्याच्या प्रोत्साहनाने लिहिलेले स्ट्रॅफर्ड (१८३७) हे नाटक मात्र थोड्याच प्रयोगांनंतर बंद पडले आणि अ ब्लॉट इन द स्कचनच्या वेळी (१८४३) मॅक्रेडीने प्रमुख भूमिका स्वतः न करता सॅम्युएल फेल्प्सकडे सोपविली. नाटक तीन प्रयोगांत संपले आणि दोघांची मैत्रीही तुटली. मोठ्या लेखकांविषयी मॅक्रेडीला आदर होता; परंतु त्यांच्या हाती नाट्यरचनेचे तंत्र नव्हते आणि नव्या प्रकारचे नाटक घडविण्याची दृष्टी त्याच्यापाशी नव्हती. त्याची नजर भूतकाळातील श्रेष्ठ कृतींवर खिळलेली होती.

१८४१ ते १८४३ या काळात त्याने ड्रुरी लेनचे व्यवस्थापन केले. ॲज यू लाइक इट आणि किंग जॉन (१८४२) ही या कालखंडातील त्याची उल्लेखनीय निर्मिती होय. नाट्यगृहात चालणाऱ्या वेश्याव्यवसायास आळा घालण्याचा प्रयत्न त्याने केला. यशस्वी नाटकही रोज न लावता कार्यक्रमात विविधता राखण्याचे धोरण त्याने अवलंबिले. या धोरणामुळे दर्जा टिकला. उत्पन्न मात्र अवाढव्य वास्तूच्या खर्चाला पुरे पडेना आणि जून १८४३ मध्ये त्याने व्यवस्थापन सोडले. त्याच वर्षी नव्या कायद्याने सनदी नाट्यगृहांची मक्तेदारी संपुष्टात आली. तिचा पहिला मोठा लाभ मॅक्रेडीच्या मंडळीत तयार झालेल्या फेल्प्सने घेतला. सॅडलर्स वेल्स या उपनगरी नाट्यगृहात त्याने १८४४ ते १८६२ या काळात शेक्सपिअरची बहुतेक सर्व नाटके साधेपणाने व निष्ठेने सादर केली. गुरूला राजधानीच्या वैभवशाली नाट्यगृहात जे परवडले नाही, ते शिष्याने कामकरी वस्तीतल्या प्रेक्षकांपुढे करून दाखविले.

मॅक्रेडीने अमेरिकेचे तीन दौरे केले (१८२६–२७, १८४३–४४ व १८४८–४९). तिसऱ्या दौऱ्याचा शेवट रक्तपातात झाला. अमेरिकन नट एडविन फॉरेस्ट याला १८४५ मध्ये लंडनच्या प्रेक्षकांनी हुर्यो केली. त्यामागे मॅक्रेडीचा हात असल्याचा त्याला संशय होता. पुढील वर्षी एडिंबरो येथे मॅक्रेडी हॅम्लेट करीत असता फॉरेस्टने प्रेक्षागृहातून उघडपणे निषेधाचा आवाज काढला. या वैयक्तिक वैराला न्यूयॉर्कमध्ये राष्ट्रीय व वर्गीय स्वरूप आले. ७ मे १८४९ रोजी ॲस्टर प्लेस ऑपेरा हाउसमधील मॅक्‌बेथचा प्रयोग फॉरेस्टच्या पक्षपात्यांनी खुर्च्या फेकून उधळला. मॅक्रेडीने परतण्याचा निश्चय केला. परंतु वॉशिंग्टन आयर्व्हिंग, हर्मन मेल्व्हिल प्रभृती नागरिकांनी केलेल्या विनंतीवरून १० मे रोजी तो पुन्हा उभा राहिला. बाहेर हजारोंचा जमाव जमून दगडफेक सुरू झाली. सैनिकांनी गोळीबार केला आणि त्यात किमान २२ जण मृत्युमुखी पडले. प्रयोग पुरा करून मॅक्रेडी वेष पालटून निसटला. मृतांमध्ये बहुसंख्य कष्टकरी होते. ॲस्टर प्लेस हे धनिकांचे नाट्यगृह होते आणि त्यात अभिजनांच्या आग्रहाने उभा राहिलेला संयत इंग्रज नट जमावाला त्यांच्याच अहंकाराचे प्रतीक वाटला. रंगभूमीला सभ्यता मिळवून देण्याचा मॅक्रेडीचा प्रयत्न सामान्य प्रेक्षकाला कोठे नेऊन ठेवतो, हा प्रश्न या घटनेने प्रथम इतक्या क्रूरपणे पुढे आणला.

२६ फेब्रुवारी १८५१ रोजी ड्रुरी लेन येथे मॅक्‌बेथच्या भूमिकेत त्याने रंगभूमीचा निरोप घेतला. १ मार्च रोजी बुल्वर-लिटनच्या अध्यक्षतेखाली झालेल्या निरोपाच्या भोजनसमारंभात चार्ल्स डिकन्सचे भाषण झाले आणि टेनिसनने या प्रसंगासाठी रचलेले सुनीत फॉर्स्टरने वाचून दाखविले. डिकन्सने आपली निकोलस निकल्‌बी ही कादंबरी त्यालाच अर्पण केली होती. निवृत्तीनंतर मॅक्रेडी डॉर्सेटमधील शरबर्न येथे राहिला आणि तेथे कामकरी मुलांसाठी त्याने रात्रशाळा चालविली. पहिली पत्नी कॅथरिन व अनेक अपत्ये यांच्या मृत्यूचे दुःख त्याला सोसावे लागले. १८६० मध्ये त्याने दुसरा विवाह केला व नंतर चेल्टनम येथे वास्तव्य केले. तेथेच त्याचे निधन झाले. त्याच्या आठवणी व निवडक रोजनिशी फ्रेडरिक पॉलक याने १८७५ मध्ये, तर रोजनिशीची विस्तृत आवृत्ती विल्यम टॉयन्बी याने १९१२ मध्ये प्रसिद्ध केली. या रोजनिशीत संताप, मत्सर, अहंकार आणि त्यांबद्दलचा पश्चात्ताप यांची कबुली तो निर्दयपणे देतो. वकील न होता नट झाल्याची खंतही तीत वारंवार येते. एखाद्या नटाच्या अंतरंगाचा इतका प्रांजळ दस्तऐवज क्वचितच सापडतो.

मॅक्रेडीचे मूल्यमापन केवळ नट म्हणून केल्यास तो कीनच्या मागे पडतो, हे त्याच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागले. व्यवस्थापक म्हणून त्याची कारकीर्द दोन नाट्यगृहांत मिळून उणीपुरी चार वर्षांची असून आर्थिक दृष्टीने ती अयशस्वी ठरली. असे असूनही फेल्प्स, चार्ल्स कीन आणि आयर्व्हिंग यांच्या कार्याचा पाया त्यानेच घातला. नाटक ही एका नटाची मिरवणूक नसून लेखकाची संहिता आणि संपूर्ण नटसंच यांनी मिळून उभी केलेली कलाकृती आहे, ही जाणीव इंग्रजी रंगभूमीला त्याने दिली. आपल्या व्यवसायाची लाज वाटणारा हा माणूस तो व्यवसाय लाज वाटू नये असा करण्यासाठी झटला. या धडपडीतून आलेला सोवळेपणा काळाबरोबर मागे पडला. वादळात लिअरच्या शेजारी उभा असलेला विदूषक मात्र त्यानंतर रंगभूमीवरून पुन्हा हद्दपार झाला नाही.